भिंतीवर सही कुणाची?

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू गेलास आणि तुझ्या पीएचडीचा ग्राफ, गोंगाटातून निरोप नेणारा तुझा कोड किती ताकदीला किती चुकतो तो, माझ्या टेबलावरच राहिला. सॅक पावसात भिजली होती म्हणून तू तो वाळत टाकला होतास. एका कोपऱ्याची शाई फुटलीय, पण रेघा नीट दिसतात. दोन रात्री मी त्या रेघांकडे बघत बसलेय.

"मॅडम, तीन वर्षं झाली, अजून शॅनन लिमिटपासून तीन डेसिबल लांब आहे. गाईड म्हणतात, विषय बदल." इतकंच बोललास, लॅपटॉप मिटलास, चहा तसाच ठेवलास आणि डोंबिवलीची गाडी पकडायला पळालास. मी गप्प राहिले, कारण त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर रागावले असते. तुझ्यावर, तुझ्या गाईडवर, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. ते लिहून कागद वाया घालवत नाही. मला एकच विचारायचंय, आणि कंटाळलास तरी ते मी पुन्हा पुन्हा विचारणार आहे: तू ज्या भिंतीला डोकं टेकून बसलायस, तिच्यावर सही कुणाची आहे?

शॅननची, असं म्हणशील. बरं. १९४८ चा तो पेपर तू माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचला असशील. त्याआधी आमच्या दूरसंचाराच्या धंद्यातल्या लोकांची समजूत होती की गोंगाटातून निरोप बिनचूक न्यायचा तर वेग कमी करत करत शून्याकडे न्यावा लागतो. शॅननने दाखवलं की प्रत्येक चॅनेलची, म्हणजे निरोप जातो त्या वाटेची, एक ठरावीक क्षमता असते. तिच्या आत राहा, चुका हव्या तेवढ्या कमी करता येतील. तिच्या बाहेर गेलास तर कुठलीच युक्ती चालणार नाही. आमच्या अख्ख्या विषयाचा जन्म एका भिंतीतून झाला. भिंत कुठे आहे ते कळलं, म्हणून तिच्या अलीकडे किती जागा रिकामी पडलीय तेही कळलं, आणि पुढची पन्नासेक वर्षं लोक ती जागा भरत राहिले. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा यायचा.

पण सहीखालची अट वाचलीस का? निरोप वाटेल तेवढा लांब करायची मुभा हवी. तुझा निरोप केवढा? १२८ बिट. कारण तुला कारखान्यातल्या यंत्राला 'थांब' म्हणायचंय, आणि लांबलचक निरोप पुरा होईपर्यंत तिथे कुणाचा तरी हात जाईल.

मुंबईचा पाऊस घे. अख्ख्या मोसमाची बेरीज दरवर्षी बऱ्यापैकी ओळखीच्या आकड्याजवळ राहते. एका दिवसाचं तसं नसतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला. लांब निरोप म्हणजे मोसम; वाईट दिवस चांगल्या दिवसांत जिरून जातात. छोटा निरोप म्हणजे एक दिवस, तो सव्वीस जुलैला सापडला तर सापडला. म्हणून छोट्या निरोपाला जास्तीची ताकद, म्हणजे तुझे ते डेसिबल, राखून ठेवावीच लागते. ती किती, हे २०१० साली पोल्यान्स्की, पूर आणि वेर्दू यांनी मांडून दिलं: क्षमतेपासूनची तूट लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जाते. तूट निम्मी करायची तर निरोप चौपट लांब हवा. अरे, हा पेपर तूच मला गेल्या दिवाळीत पाठवला होतास! मग स्वतःच्या ग्राफवर ती रेघ का नाही काढलीस?

मी काढली. कॅल्क्युलेटर घेतला, सात बिंदू मांडले, पेन्सिलीने जोडले. तुझी रेघ तिच्यापासून अर्ध्या डेसिबलवर आहे. अर्ध्या! उरलेले अडीच कधी तुझे नव्हतेच, ते तुझ्या १२८ बिटांचे होते. तीन वर्षं तू भलत्याच भिंतीपासून अंतर मोजलंस आणि स्वतःला नापास करत राहिलास. गाईडनी हे दाखवायला हवं होतं, पण ते राहू दे. सही वाचायचं काम तुझं होतं.

आता मी एवढी चिडते का, ते सांगते.

१९८८ मध्ये मी जिथे काम करायचे, तिथे आम्हा सगळ्यांना एक दुसरी भिंत पाठ होती. तिचं नाव कटऑफ रेट. शॅननची भिंत कागदावरची, कटऑफ रेटची व्यवहारातली, असं सीनियर सांगत आणि आम्ही लिहून घेत असू. निम्म्या दराच्या कोडला, म्हणजे निम्मे बिट निरोपाचे आणि निम्मे चुका पकडायचे, ती शॅननच्या दोन-अडीच डेसिबल अलीकडे यायची. एका सकाळी मी आले तर भोकांच्या पट्टीचा रुंद कागद प्रिंटरखाली घड्या होऊन पडला होता, आणि त्यातला एक आकडा त्या भिंतीच्या पलीकडे पडत होता. गोंगाटातून मूळ निरोप ओळखणारे दोन डिकोडर एकापाठोपाठ लावायचे आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला परत द्यायचं, असा माझा खटाटोप चालला होता. कडेची पट्टीसुद्धा न फाडता मी तो कागद तसाच सीनियरकडे नेला. ते म्हणाले, "बग असेल, बघा." मी बघितलं. आठ दिवस बघितलं. शेवटी तो परत पाठवण्याचा भाग बदलत बदलत मी बिंदू भिंतीच्या अलीकडे आणला, आणि मगच मला झोप लागली.

तो खरंच बग असेल. शक्यता तीच जास्त. पण आता कळायला मार्ग नाही, कारण मी जुना प्रोग्रॅम पुसून त्याच जागी नवा ठेवला. पाच वर्षांनी, १९९३ मध्ये, जिनिव्हाच्या परिषदेत बेरू, ग्लाव्हियू आणि थितिमाजशिमा यांनी टर्बो कोड मांडले. दोन डिकोडर एकमेकांना आपापला अंदाज देत राहतात, फेरीमागून फेरी. शॅननपासून एक डेसिबलच्याही आत! अनेक जाणकारांना वाटलं, आकड्यांत चूक आहे. मग ज्यांनी करून बघितलं त्यांनाही तेच आलं. मी टर्बो कोड शोधले असते, असा दावा मी कधी केला नाही आणि करणार नाही. मला खुपतं ते वेगळंच. मी मोजमाप ठोकून ठोकून भिंतीला बसवलं. भिंत तपासायचं माझ्या मनातही आलं नाही.

कटऑफ रेटवर सही कुणाची होती? सिक्वेन्शियल डिकोडिंग नावाच्या एका पद्धतीची. त्या दराच्या पुढे गेलं की त्या पद्धतीची आकडेमोड हाताबाहेर फुगते. सिद्धांत अचूक होता, पण तो एका पद्धतीबद्दल होता आणि आम्ही तो निसर्गाबद्दल आहे असं समजून चाललो. मूळ पेपर कपाटात होते. मी उघडले नाहीत. नोट्स पुरेशा वाटल्या.

आणि काही भिंतींवर नुसती त्या काळाची सही असते. तू ज्या जातीचे कोड वापरतोस ते गॅलगरने एमआयटीत १९६० च्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडले. तेव्हाच्या मशीनना ते डिकोडिंग पेलवणारं नव्हतं, म्हणून ते पस्तीसेक वर्षं जवळपास विस्मरणात गेले. आज तुझ्या फोनवर ५जीचा डेटा येतो तो त्याच जातीच्या कोडमधून. तुझी लोकलसुद्धा बघ. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी सुटली ती १५०० व्होल्ट डीसीवर. तेवढीच ताकद कमी व्होल्टेजवर न्यायची तर करंट वाढतो, तारा जाड लागतात, सबस्टेशनं जवळजवळ लागतात. आम्ही सगळे ते मुंबईच्या हवामानासारखं धरून चाललो होतो. २०१६ मध्ये हार्बरसुद्धा २५,००० व्होल्ट एसीवर गेली. १५०० या आकड्यावर माणसांची सही होती, माणसांनीच ती बदलली. नव्वद वर्षं लागली, ते वेगळं.

माझ्या रात्रींचंही सांगते, कारण ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मशीन दिवसा मोठ्या लोकांचं, आमच्यासारख्यांना रात्री दहानंतर. आणि मुलींनी रात्री थांबायचं नाही. मी एका सहकाऱ्याकडे काम सोपवून सहाला निघायचे. तो बिंदू पडला तेव्हा मी घरी पोळ्या लाटत होते, पुढचं रन लगेच लावायला तिथे नव्हते. हा नियम कुठे लिहिलाय ते दाखवा, असं नऊ वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही. तो कुठेच लिहिलेला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. पुढे धाकटी लहान, सासूबाईंचं आजारपण, मी शिकवण्याकडे वळले आणि सत्तावीस वर्षं मन लावून शिकवलं. तो निर्णय चुकला असं मी कुणाला म्हणू देणार नाही. संध्याकाळच्या गाडीत उभ्याने मी जेवढे पेपर तपासले तेवढे कुणी खुर्चीत बसून तपासले नसतील, आणि माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज जगभर चांगलं काम करताहेत. पण निवड माझी होती असं म्हणायचं तर तो नियम निदान एकदा विचारून बघायला हवा होता. तो विचारला नाही, एवढं मात्र माझ्या पदरात आहे.

आता कुणीतरी भाषणात सांगेल की अडथळ्यांनीच संशोधन घडतं, सुपरकॉम्प्युटर नाकारला म्हणून परम झाला. १९९१ मध्ये पुण्यात परम ८००० उभा राहिला, त्याचा मला अभिमान आहे. पण तो अडवणुकीचा प्रसाद नव्हता. ही भिंत दुसऱ्या देशाच्या परवान्याची आहे, भौतिकशास्त्राची नाही, हे तिथल्या लोकांनी ओळखलं. एक बलाढ्य यंत्र मिळत नसेल तर पुष्कळ छोटे प्रोसेसर जोडून कामाला लावता येतात, हे करून दाखवलं. आधी सही वाचली, मग हात चालवले. तुझी फेलोशिप पाच महिने अडकते तेव्हा तू घडत नाहीस, तुझी उधारी वाढते. त्या भिंतीचं कौतुक करू नकोस. तिच्यावर एका टेबलाची सही आहे. त्या टेबलासमोर जाऊन बस आणि अर्जाची पोच घेऊनच ऊठ.

एक गोष्ट मात्र माझ्या पिढीला कुणी शिकवली नाही. भिंत सापडणं हेही काम आहे. ज्याचं उत्तर पटकन तपासता येतं ते पटकन शोधताही येतं का, या पी आणि एनपीच्या प्रश्नावर १९७५ मध्ये बेकर, गिल आणि सोलोव्हे यांनी दाखवलं की तोवरच्या नेहमीच्या युक्तिवादांनी हा प्रश्न सुटणारच नाही. १९९४ मध्ये राझबोरोव्ह आणि रुडिच यांनी आणखी एका मोठ्या वाटेवर, गूढलिपीशास्त्रातलं एक गृहीतक धरून, तशीच पाटी लावली. त्या कामाला २००७ चं ग्योडेल पारितोषिक मिळालं. प्रश्न सुटला नाही आणि तरी पारितोषिक. कारण पुढच्यांची वर्षं वाचली. तुझ्या वहीत 'हे चाललं नाही' म्हणून जी चाळीस पानं खोडलीयस, ती मला दाखव. का चाललं नाही हे तुला सांगता आलं तर ते थिसिसचं एक पूर्ण प्रकरण आहे. परिशिष्टात टाकू नकोस.

आता ग्राफचा खालचा भाग. त्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चुकांचा दर झपाझप उतरतो आणि दहा लाखांत एकच्या सुमारास रेघ आडवी होते. हा एरर फ्लोअर, चुकांचा तळ. ही सही शॅननची नाही आणि २०१० च्या त्या तिघांचीही नाही. बहुतेक वेळा ती कोडच्या जाळ्यातल्या छोट्या गाठींची असते. टॉम रिचर्डसनने २००३ मध्ये त्यांना ट्रॅपिंग सेट म्हटलं. चारसहा बिट एकमेकांच्या चुकीला दुजोरा देत बसतात आणि बाकीच्यांचं ऐकतच नाहीत. पण तू लॅपटॉप मिटायच्या बराच आधी मी त्यावर एक ओळ बघितली होती. डिकोडरमधला प्रत्येक आकडा तू उणे आठ ते अधिक आठ यांच्यात कापतोस. का, असं विचारलं तर म्हणालास, "आधीच्या सीनियरच्या प्रोग्रॅममध्ये होतं."

तिथेच माझ्या पोटात खड्डा पडला.

आकडे असे कापले की ज्या बिटांना स्वतःबद्दल पक्की खात्री आहे त्यांचाही आवाज आठच्या वर चढत नाही, आणि चुकीचा घोळका त्यांना भारी पडू शकतो. ती मर्यादा सोळा कर, मग बत्तीस. प्रत्येक बिंदूवर निदान शंभर चुका जमेपर्यंत चालव. तुझ्या शेवटच्या बिंदूवर चारच चुका आहेत, त्याला मी बिंदू म्हणत नाही. तळ खाली सरकला तर सही त्या सीनियरची होती. नाही सरकला तर चुकलेला प्रत्येक निरोप वेगळा साठव आणि कोणते बिट पुन्हा पुन्हा एकत्र चुकतात त्याची यादी कर. आणि काहीही बदललंस तरी जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा, तारीख घालून, ठेव. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

विषय बदलायचा की नाही ते गाईडशी त्यानंतर बोल. त्यांचंच बरोबर निघेलही. पण त्यांच्यासमोर दोन्ही रेघा असलेला कागद ठेवल्याशिवाय होही म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस.

येत्या रविवारी लवकर ये, अकरापर्यंत. दोन्ही रेघांचा ग्राफ नवा काढून आण, हा माझ्याकडेच राहील. आठ, सोळा, बत्तीस यांची रन गुरुवारी रात्री लावलीस तर तोवर होतील. वही विसरू नकोस, खोडलेल्या पानांसकट. जेवायलाच थांब, म्हणजे गाडीची घाई होणार नाही.

तुझी,
मॅडम