पहाटेचा पाऊण तास

प्रश्न : नोकरी आणि लहान मूल सांभाळून मीडियम वेव्हवर डीएक्सिंग, म्हणजे दूरदूरची रेडिओ केंद्रं पकडण्याचा छंद, करतो. रात्री दोन वाजेपर्यंत जागूनही दूरची केंद्रं हाती लागत नाहीत, दुसरा दिवस मात्र वाया जातो. छंद सोडून द्यावा का?

उत्तर : छंद मुळीच सोडू नका, जागरण सोडा. दिवसा सूर्यप्रकाशामुळे आयनांबराच्या (वातावरणातल्या वरच्या, विद्युतभारित पट्ट्याच्या) तळाशी तयार होणारा डी थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि दूरची केंद्रं लागू लागतात. पण मध्यरात्री चहूकडे अंधार असल्यामुळे सगळीच केंद्रं एकमेकांवर चढतात आणि दांडग्या केंद्राखाली क्षीण केंद्र दबून जातं. उजाडताना चित्र पालटतं. तुमच्या पूर्वेकडे ऊन पडलेलं असतं, तिकडची केंद्रं मावळू लागतात. पश्चिमेकडे अजून रात्र असते, म्हणून तिकडची वर येतात. संध्याकाळी नेमकं उलट, पूर्वेकडची आधी लागतात. म्हणजे खरं काम सूर्योदयाआधीच्या पाऊण तासाचं. घर झोपलेलं असताना तो मिळतो, आणि आठवड्यातून दोनदा मिळाला तरी पुष्कळ.

त्या वेळात बटण फिरवत बसू नका. चार-पाच फ्रिक्वेन्सी आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येकीवर आठ-दहा मिनिटं थांबा. क्षीण केंद्र मिनिटभर वर येतं आणि पुन्हा बुडतं. नेमकं त्याच मिनिटाला तुम्ही पुढे गेलेले असता. हेडफोन एकाच कानाला लावा, म्हणजे मूल रडलं तर ऐकू येईल.

एसडीआर रिसीव्हर (संगणकाला जोडून सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) असेल तर रात्रीचा पहारा संगणकावर सोपवता येतो. बहुतेक केंद्रं आपलं नाव तासाच्या ठोक्याला सांगतात. त्यामुळे दर तासाच्या आधीची दोन आणि नंतरची तीन मिनिटं आपोआप रेकॉर्ड होतील असं लावा. रेकॉर्डिंगची रुंदी २ मेगाहर्ट्झ ठेवली की ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ हा मीडियम वेव्हचा सगळा पट्टा त्यात मावतो. १६ बिटला सेकंदाला ८ मेगाबाइट, म्हणजे पाच मिनिटांना २.४ गिगाबाइट जागा लागते. ऐकून झालं की फाइल त्याच आठवड्यात पुसा. साठवलेलं न ऐकलेलं रेकॉर्डिंग हाही एक बोजाच होतो.

प्रश्न : घरात रेडिओवर सतत गुरगुर येते. बाल्कनीत गेलं की कमी होते.

उत्तर : दोष घरातल्याच एखाद्या उपकरणाचा दिसतो. रेडिओ बॅटरीवर चालवा, रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर लावा आणि घरातले एमसीबी एकेक करून बंद करा. गुरगुर ज्या एमसीबीला थांबेल, त्यावरचे चार्जर आणि एलईडी दिवे एकेक तपासा. स्वस्त चार्जर असेल तर तो बदलणंच बरं. बदलता येत नसेल तर त्याची वायर चार्जरच्या अगदी जवळ फेराइट कोरमध्ये (गुरगुर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या कड्यात) गुंडाळा. ३१ नंबरच्या मिश्रणाचा कोर या पट्ट्याला चांगला. कोर वायरीवर नुसता क्लिपसारखा लावून भागत नाही. वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत अडथळा वाढतो, म्हणून तीन वेढ्यांचा गुण सुमारे नऊपट येतो.

प्रश्न : घराबाहेर लांब तार लावायला घरच्यांची हरकत आहे.

उत्तर : मग लावू नका. मीटरभर व्यासाचा लूप अँटेना (तारेच्या वेटोळ्याचा अँटेना) खोलीतच ठेवता येतो आणि काम झालं की दाराआड जातो. शिवाय तो हळूहळू फिरवला की एका दिशेला आवाज एकदम पडतो. ती दिशा त्रास देणाऱ्या केंद्राकडे केली की त्याखाली दबलेलं दुसरं केंद्र ऐकू येतं. स्थिर तारेला हे जमत नाही.