हिवाळ्यात आरव्ही (आत राहायची-झोपायची सोय असलेली सहलीची गाडी) चार-पाच महिने उभी ठेवताना छताची झडप उघडी ठेवावी की सगळं घट्ट बंद करावं? सोलर पंखा लावून फायदा होतो का?

झडप उघडी ठेवा. वर पावसाची टोपी बसवा, पण झडप उघडीच ठेवा. तुम्ही लिहिलंय की घरच्यांचं म्हणणं "फट दिसली की बुजवा" असं आहे. हेच वाक्य मी आमच्या घरात चार वर्षं ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

आमची आरव्ही दोन घरांत मिळून घेतलेली, आमची आणि माझ्या थोरल्या दिरांची. हिवाळ्याआधी ती उभी करून ठेवायचं काम भाऊजींकडे. टाक्या रिकाम्या करणं, नळ कोरडे करणं, पाइपात न गोठणारं द्रव, म्हणजे अँटीफ्रीझ भरणं, यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. हवेच्या बाबतीत मात्र त्यांचं मत ठाम: थंडी, पाऊस, धूळ सगळं बाहेर राहिलं की गाडी सुरक्षित. त्या वर्षी त्यांनी खिडक्या लावल्या, छताची झडप लावली, फ्रीजमागच्या जाळ्यांवर चिकटपट्टी मारली आणि वरून प्लास्टिकची ताडपत्री दोरीने आवळून टाकली. मी म्हटलं, "भाऊजी, झडप तरी दोन बोटं उघडी राहू द्या." तर म्हणाले, "अगं, बर्फ आत येईल. तू नको काळजी करूस." मी गप्प बसले. ते गप्प बसणं अजून बोचतं.

कारण ओल आत होतीच. शेवटच्या सहलीत तीन दिवस पाऊस लागला होता. ओली जॅकेटं, ओले टॉवेल, बंद गाडीत पाच माणसांचे श्वास. निघताना लादी पुसली, ओटा पुसला, हाताला सगळं कोरडं लागलं. पण गादीचा फोम, पडदे, कार्पेट आणि कपाटांचं प्लायवुड पाणी धरून ठेवतं, ते हाताला कळत नाही.

वसंतात दार उघडलं तर आधी वास आला. तळघरात विसरलेल्या ओल्या पोत्याचा असतो तसा. खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीखाली पाण्याचे ओघळ वाळलेले. मागच्या पलंगाची गादी उचलली आणि मी तशीच उभी राहिले. खालची बाजू काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरली होती. पलंगाच्या फळीला हवेसाठी सहा भोकं पाडलेली आहेत. त्या प्रत्येक भोकाच्या वर, गादीवर चार बोटं रुंदीचा गोल स्वच्छ पांढरा. सहा भोकं, सहा पांढरे गोल, बाकी सगळी बुरशी. गादीवर घडी करून ठेवलेलं, माझ्या आईने हाताने शिवलेलं पांघरूण होतं. तीनदा धुतलं. वास गेला, डाग गेले नाहीत.

भाऊजी म्हणाले, "छताला गळती असणार." छताचा प्रत्येक सांधा तपासून घेतला, आतल्या फळ्यांना ओल मोजायचं यंत्र लावून पाहिलं, सगळं कोरडं. तरी त्यांचं गळतीचं पालुपद चालूच. मी विचारलं, गळतीचं पाणी त्या सहा भोकांना वळसा घालून गेलं का? त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

यामागचं गणित अवघड नाही. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, शून्य अंशाला जेमतेम ५. दिवसा उन्हाने गाडी आतून तापते, फोम आणि कापड ओल सोडतात. रात्री पारा उतरला की तीच वाफ सगळ्यात गार जागा शोधते: खिडकीची चौकट, स्क्रूची डोकी, गादीखालची फळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घट्ट बंद गाडीत ते पाणी चार महिने आतल्या आत फिरत राहतं, बाहेर पडायला त्याला वाटच नसते.

पुढच्या हिवाळ्यात मी ऐकलं नाही. छताची झडप टोपीखाली उघडी ठेवली आणि खालच्या बाजूला जाळी लावलेली एक वाट मोकळी ठेवली. नुसती वरची झडप उघडून भागत नाही, हवा खालून शिरून वरून निघाली पाहिजे. गाद्या भिंतीला उभ्या टेकवल्या, कपाटं आणि खण उघडे, फ्रीजचं दार मध्ये टॉवेलची गुंडाळी घालून उघडं. प्लास्टिकची ताडपत्री काढून हवा जाऊ देणारं कापडी आच्छादन घातलं. वसंतात ना वास, ना ठिपका. भाऊजी म्हणाले, "यंदा थंडी कोरडी होती." त्यानंतरचे दोन हिवाळे पण तसेच गेले, दरवर्षी थंडी कोरडी कशी असेल?

सोलर पंखा मी लावलेला नाही. आच्छादनाखाली किंवा बर्फाखाली छत असेल तर त्याला ऊन मिळणार कुठून, एवढं बघून ठरवा.

ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यांवर लोकांचा फार विश्वास. उघड्या झडपेखाली डबा ठेवणं म्हणजे बाहेरचं आभाळ सुकवायला बसणं. वर त्यात साचणारं खारं पाणी सांडलं तर लोखंड खातं. आणि "अधूनमधून गॅसचा हीटर लावून सुकवू" हे तर मुळीच नको. ज्या हीटरचा धूर नळीने बाहेर जात नाही, त्यात एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन गाडीतच उतरतं. विषारी वायूचा धोका वेगळाच.

उंदरांची भीती खरी आहे. अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासची फट त्यांना पुरते, म्हणून प्रत्येक उघड्या वाटेवर बारीक स्टीलची जाळी हवी. पण जमिनीलगतची गॅस निघून जायची भोकं बुजवू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर तिथूनच बाहेर पडतो. तिथे जाळी चालेल, चिकटपट्टी नाही. आमच्याकडे तीही बुजवली होती, आठवलं की अंगावर काटा येतो.

आता भाऊजींच्या बाजूचंही सांगायला हवं. गाडी शेडमध्ये असेल आणि वीज असेल, तर सगळं बंद करून आत ओल काढायचं यंत्र चालवणं हा चांगला मार्ग आहे. फक्त ते काँप्रेसरचं नको, शून्याच्या आसपास त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो. ज्यात ओल शोषणारं चाक फिरतं, ते यंत्र थंडीत चालतं. बाहेर महिनोन्महिने धुकं आणि दमट हवा असेल तर नुसती झडप अर्धंच काम करते. आणि कडाक्याच्या थंडीनंतर एकदम उबदार, ओली हवा सुटली तर ते एक-दोन दिवस झडप लावून घ्या, नाहीतर बाहेरची वाफ आतल्या गार भिंतींवर जमते. पण यातलं काहीच आम्ही त्या वर्षी केलं नव्हतं. आम्ही नुसतं बंद केलं होतं.

गाडीत आणखी कोणाचा वाटा असेल तर झडपेचं आधी ठरवून घ्या. एकदा ताडपत्री बांधून झाली की ती सोडायला कोणी तयार होत नाही.