शिवणकामाची टपालपेटी : पानगळीची फॅशन आणि ऑक्टोबरचा घाम

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. परदेशातील शरद ऋतूच्या कपड्यांची छायाचित्रे पाहून घरच्या मशीनवर काही शिवता येईल का, आणि शिवले तर ते मुंबईत घालता येईल का, असे वाचकांनी निरनिराळ्या शब्दांत विचारले आहे. म्हणून या वेळी इतर पत्रे बाजूला ठेवून याच विषयावरील निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मी गेली सहा-सात वर्षे स्वतःचे कुर्ते घरी शिवते. सप्टेंबर लागला की फोनवर परदेशी कपड्यांची छायाचित्रे येऊ लागतात. गडद लालसर रंगाचे लांब कोट, रुंद कॉलर, सैल खांदे हे सारे पाहून हात अगदी शिवशिवतात, पण खिडकीबाहेर पाहावे तर ऊन रणरणत असते. गेल्या वर्षी हौसेने मखमलीचा लांब अंगरखा शिवला आणि एका लग्नात अर्धा तास घालून काढून ठेवला. या फॅशनमधून आपण घेण्यासारखे काही आहे का, की हा नाद सोडावा? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : नाद सोडू नका, कापड सोडा. आपण पाहता ते कपडे फेब्रुवारी-मार्चमध्ये न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस येथील सादरीकरणांत दाखवलेले असतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास दुकानांत येतात, कारण तेथील ग्राहकाला पुढे चार-पाच महिन्यांची थंडी काढायची असते. आपला शरद त्याच महिन्यांत येत असला तरी त्याचा स्वभाव नेमका उलटा आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मुंबईतून पाऊस माघारी फिरतो, ढगांचे छत्र जाते, हवेतला दमटपणा मात्र तसाच राहतो आणि पारा ३३-३४ अंशांवर जाऊन बसतो. तिकडची पानगळ शरदात असते, आपली शिशिरात. ते विटकरी, तांबडे रंग झाडावर पाहायचेच असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत सोसायटीच्या आवारातला देशी बदाम पाहावा. गळण्याआधी त्याच्या एकेका पानावर जी रंगसंगती उतरते ती कापडाच्या गाळ्यात सहजासहजी मिळत नाही.

कोणत्याही कपड्याकडे पाहताना रंग, बेत (म्हणजे कपड्याची कापणी आणि घडण) आणि कापड अशा तीन गोष्टी मनात वेगळ्या कराव्यात. शरदाच्या फॅशनमधला रंग जवळजवळ जसाच्या तसा उचलता येतो, बेत थोडा हवेशीर करून घ्यावा लागतो आणि कापड मात्र तिथेच ठेवून यावे लागते. आपला मखमली अंगरखा फसला तो याच कारणाने. त्याचा रंग आणि बेत बहुधा उत्तम असणार, पण तिन्ही गोष्टी आपण एकदम घेतल्या.

रंगांसाठी परदेशी नावे शोधण्याचीही गरज नाही. ज्याला बर्गंडी म्हणतात तो भिजवलेल्या आमसुलाचा रंग आहे, रस्ट म्हणजे आपला विटकरी, ऑलिव्ह म्हणजे शेवाळी. पॅन्टोन या कंपनीने २०२५ सालासाठी निवडलेला मोका मूस नावाचा तपकिरी रंग भरपूर दूध घातलेल्या कॉफीच्या जवळ जातो. यातले बरेचसे रंग इरकलीत आणि खणात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, ते फॅशनमध्ये आल्याचे आपल्याला बाहेरून कळते इतकेच. एक काळजी मात्र घ्यावी. घामाचा ओला डाग गडद आमसुलीवर फारसा उठून दिसत नाही, पण राखाडी आणि फिकट तपकिरीवर काखेचा डाग लांबूनही दिसतो. म्हणून हे मधले रंग अंगाला चिकटणाऱ्या कुर्त्याला न वापरता वरून घालायच्या सैल कपड्याला वापरावेत. गडद हातमागाचे कापड बेतण्यापूर्वी त्याच्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल घासून पाहावा. रुमाल रंगला तर ते कापड दोन-तीनदा वेगळे धुतल्याशिवाय कात्री लावू नये.

आता बेताकडे वळू. लांब कोटाचे सौंदर्य त्याच्या उभ्या रेषेत असते, लोकरीत नव्हे. तीच रेषा बिनबाह्यांच्या, पुढून उघड्या, पोटरीपर्यंतच्या जॅकेटमध्ये मिळते. ते हातमागाच्या सुती कापडात किंवा लिननमध्ये शिवावे आणि त्याला अस्तर मुळीच लावू नये. अस्तराऐवजी आतल्या कडा उरेप (कापडाच्या विणीला तिरक्या कापलेल्या) पट्टीने बंद कराव्यात, म्हणजे पुढून उघडे असले तरी ते आतून नीटनेटके दिसते. मुंढा, म्हणजे काखेची गोलाई, नेहमीपेक्षा अर्धा इंच खाली घ्यावा आणि दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या वरपर्यंत चीर ठेवावी, कारण लोकलच्या पायरीवर चढताना अरुंद घेर पायात येतो. कॅनव्हास किंवा चिकटवायचे फ्यूजिंग फक्त कॉलरला लावावे आणि तेही पातळ. पुढच्या पट्टीला जाड फ्यूजिंग लावले की दोन-चार धुण्यांनंतर तिथे फुगे धरतात आणि सारा कपडा भाड्याने आणल्यासारखा दिसू लागतो.

कापड किती लागेल हे पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर ठरते. छाती ३८ इंच असेल तर सैलपणा आणि शिलाईची माया (शिवणीसाठी कडेला सोडलेले जास्तीचे कापड) धरून पाठ सुमारे २२ इंच आणि दोन्ही पुढचे भाग मिळून सुमारे २४ इंच रुंद होतात. ही बेरीज ४६ होते, त्यामुळे ४४ इंच पन्ह्यात ते शेजारीशेजारी बसत नाहीत आणि लांबीच्या दुप्पट कापड घ्यावे लागते. पूर्ण उंची ४५ इंच असल्यास कॉलर आणि पट्ट्यांसह पावणेतीन मीटर धरावे. हेच कापड ५८ इंच पन्ह्याचे मिळाले तर सगळे भाग एका लांबीत बसतात आणि पावणेदोन मीटरमध्ये काम होते. मीटरचा भाव जास्त दिसला तरी मोठ्या पन्ह्याचे कापड अनेकदा स्वस्त पडते, आणि हा हिशेब दुकानात उभे राहून करण्यापेक्षा घरी कागदावर करून न्यावा.

तो मखमली अंगरखा टाकून देऊ नका. त्याच्या मागच्या भागातून नव्या जॅकेटची कॉलर आणि दोन खिशांची झाकणे निघतील, आणि उरलेल्या तुकड्यांचे बटवे होतील. मखमल मुंबईत इतक्याच मापात शोभते.

प्रश्न : मुलगा डिसेंबरमध्ये मित्रांबरोबर मनालीला जाणार आहे, म्हणून त्याच्यासाठी कॉर्डरॉयचे जॅकेट शिवायला घेतले. कापड एकाच ताग्याचे होते, तरी शिवल्यावर उजवा पुढचा भाग डाव्यापेक्षा फिकट दिसतो. दुकानदाराने फसवले का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : दुकानदाराचा यात दोष दिसत नाही. कॉर्डरॉयच्या उभ्या रेघा म्हणजे कापलेल्या धाग्यांची लव असते आणि ती एका दिशेला झुकलेली असते. लव वर झुकलेली असेल तर कापड गडद दिसते, खाली झुकलेली असेल तर तेच कापड फिकट आणि चकाकते दिसते. कापड वाचवण्यासाठी आपण एक भाग उलटा ठेवून बेतला असावा. साध्या पॉपलीनमध्ये ही युक्ती खपते, येथे नाही. तळहात कापडावरून वर-खाली फिरवला की एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला खरखरीत लागते. खडूने मागच्या बाजूला गुळगुळीत लागणाऱ्या दिशेचा बाण काढावा आणि सगळे भाग, अगदी कॉलर व खिसेसुद्धा, त्याच दिशेने ठेवावेत. त्यासाठी पाव ते अर्धा मीटर कापड जास्त लागते हे आधीच धरून चालावे.

आता झालेले सुधारायचे तर उजवा भाग उसवून नवा बेतणे हाच खरा उपाय आहे. तेवढे कापड उरले नसेल तर दोन्ही पुढचे भाग उसवून त्यांवर खांद्यापासून छातीपर्यंत दुसऱ्या रंगाच्या जाड सुती कापडाचा योक बसवावा. डोळा तिकडे जातो आणि छटेतला फरक बराचसा झाकला जातो. पूर्णपणे नाही, हेही सांगितले पाहिजे. शिवताना १४ किंवा १६ नंबरची सुई वापरावी, टाका ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवावा आणि टीप लवेच्या दिशेने मारावी, म्हणजे खालचे-वरचे थर सरकणे कमी होते. इस्त्री उलट बाजूने आणि खाली जाड टॉवेल अंथरूनच करावी, नाहीतर लव कायमची दबते.

कॉर्डरॉय मुंबईसाठीही घ्यायचे असेल तर बारीक रेघांचे घ्यावे. एका इंचात किती रेघा आहेत यावर त्याचा आकडा असतो आणि आकडा जितका मोठा तितकी रेघ बारीक व कापड हलके. साधारण ११ आकड्याचे कापड पॅन्टला चालते, २१ आकड्याचे इतके मऊ असते की त्याचा शर्टही होतो.

प्रश्न : चौकटीच्या शर्टच्या चौकटी बाजूच्या शिवणीवर कधीच जुळत नाहीत. (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : आपण कापलेल्या कडा जुळवत असाल. चौकट जुळवायची ती टिपेच्या रेषेवर, म्हणजे कडेपासून माया सोडून आत. आधी पाठ बेतावी, मग तो कापलेला तुकडा उरलेल्या कापडावर ठेवून पुढच्या भागाची आडवी रेघ तिच्याशी जुळवावी. दुमडलेल्या कापडावर दोन्ही भाग एकदम कापण्याचा मोह टाळावा. शिवण्यापूर्वी प्रत्येक ठळक रेघेवर टाचणी लावावी किंवा हाताने कच्चा टाका घालावा. खिसा जुळवण्याचा कंटाळा असेल तर तो खुशाल उरेप कापावा. तिरक्या चौकटी मुद्दाम केल्यासारख्या दिसतात आणि कुणी काही विचारत नाही.

प्रश्न : सध्या शिवणीच्या ओळी घातलेल्या जाडसर जॅकेटांची फॅशन आहे. माझ्याकडे आजीच्या तीन सुती नऊवारी साड्या आहेत. त्यांचे तसे जॅकेट होईल का? आजीच्या साडीला कात्री लावायला मन मात्र धजत नाही. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : आजीनेच त्या साडीची गोधडी केली असती, म्हणून अपराधी वाटून घेऊ नये. परदेशात ज्याला क्विल्टेड जॅकेट म्हणतात ते कामाच्या दृष्टीने गोधडीच आहे. थर एकावर एक ठेवून त्यांतून धावदोरा घालायचा, एवढाच दोन्हींचा पाया. फरक इतकाच की तिकडे दोन कापडांच्या मध्ये कापूस किंवा पॉलिस्टरचा जाड थर असतो. तो आपण गाळावा. मुंबईची किमान सरासरी जानेवारीतही १७ अंशांच्या आसपास असते, आणि पहाटे फिरायला जाताना साडीचे दोन थर तेवढ्याला पुरतात. फार तर मध्ये जुन्या मलमलीचा एक थर घालावा.

प्रथम साडी उजेडासमोर धरून पाहावी. जिथे वीण विरळ होऊन उजेड आरपार येतो तो भाग बाद करावा. निऱ्यांचा भाग आणि कमरेला खोचला जाणारा भाग बहुधा आधी विरलेला असतो, उलट खांद्यावरून मागे सोडलेल्या पदराकडचे कापड चांगले टिकलेले सापडते. एक साडी बाहेरून आणि एक आतून घेतली तरी पुरते, तिसरीला हात लावूच नये. साडीचा काठ कापून टाकू नका. पुढच्या उघड्या कडांवर काठ उभा येईल असा बेत मांडला तर वेगळी पट्टी जोडावी लागत नाही आणि साडीची ओळखही राहते.

नवखी मंडळी येथे एकच चूक करतात, ती म्हणजे आधी बेतणे आणि मग धावदोरा घालणे. धावदोऱ्याने कापड आक्रसते, आणि ओळी जितक्या जवळ तितके जास्त. म्हणून प्रत्येक भागासाठी मापापेक्षा चारी बाजूंनी दीड-दोन इंच मोठा आयत घ्यावा, दोन्ही थर जमिनीवर ताणून पसरावेत, मधून कडेकडे कच्चे टाके घालावेत आणि मग ओळी घालाव्यात. ओळींमध्ये पाऊण ते एक इंच अंतर पुरे. हे सारे झाल्यावरच त्यावर कागदी कटिंग ठेवून भाग कापावेत. हाताने केले तर टाका थोडा वेडावाकडा होतो, आणि मला स्वतःला तोच आवडतो. मशीनच्या एकसारख्या ओळी जुन्या साडीवर जरा परक्या वाटतात. खांद्याच्या आणि बाजूच्या शिवणी मशीनवरच घ्याव्यात, कारण सगळा भार त्यांच्यावर येतो.

कडा बंद करण्यासाठी उरेप पट्टी सव्वादोन इंच रुंद कापावी, कारण अनेक थरांवरून वळताना अरुंद पट्टी पुरत नाही. गळ्याच्या गोलाईवर ती किंचित ओढून लावावी आणि सरळ कडांवर सैल.

प्रश्न : ही कापडे घ्यायला मुंबईत कुठे जावे? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : सुती, लिनन आणि मोठ्या पन्ह्याच्या कापडासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचे मंगळदास मार्केट, लेस, लटकन, बटणे यांसाठी भुलेश्वर, आणि ड्रेस मटेरियलसाठी दादरचे हिंदमाता. रविवारी मंगळदासकडे जाऊ नये, आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कुठेच जाऊ नये. गाळ्यातल्या दिव्याखाली आमसुली आणि चॉकलेटी एकच दिसतात, म्हणून कापड फाडण्यापूर्वी ताग्याचे टोक दाराशी, उजेडात नेऊन पाहावे. दुकानदार कुरकुरले तरी बहुतेक नाही म्हणत नाहीत. बटणे त्याच दिवशी घ्यायची घाई करू नये. कापडाची चिंधी पर्समध्ये ठेवून पुढच्या फेरीला घ्यावीत, म्हणजे भुलेश्वरच्या गर्दीत रंग आठवत बसावे लागत नाही.