क्रोन्स, अरुंद झालेलं आतडं आणि "अजून थोडं बघू"

क्रोन्सचे, म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणणाऱ्या जुनाट आजाराचे, पेशंट हल्ली माझ्याकडे वाढलेत, पोटाचे डॉक्टरच पाठवतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य सेम असतं, "मॅडम, ऑपरेशन टाळता येईल का तेवढं सांगा." मी समुपदेशक, आतड्यातलं मला काय कळणार, हे त्यांनाही माहीत असतं. तरी विचारतात. तेच तेच इतक्यांदा ऐकलं की म्हटलं एका केसबद्दल लिहूनच टाकावं. परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

कोल्हापूरच्या पेठेतला गडी, तिशी ओलांडलेला, एकेकाळी पेठेच्या संघाकडून फुटबॉल खेळलेला. आता शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, फौंड्रीतून कास्टिंग येतं ते मशिनिंग करून द्यायचं. आधी सहा महिने टीबीची औषधं खाऊन झालेली. आपल्याकडे हे बऱ्याच जणांचं होतं, कारण आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून आणि कधीकधी बायोप्सीतही इतके सारखे दिसतात की भल्याभल्या डॉक्टरांना पहिल्या फटक्यात सांगता येत नाही, त्यामुळे "माझी सहा महिने वाट लावली" हा राग तिथंच सोडलेला बरा. पुढं क्रोन्स निघाला, स्टिरॉइड झाले, बाकीच्या गोळ्या झाल्या, आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात स्ट्रिक्चर झालं. म्हणजे सूज येऊन-जाऊन आतड्याची भिंत जाड होते, व्रण राहतो आणि वाट अरुंद होते. मग जेवल्यावर मुरडा, पोट फुगणं, गुडगुड, आणि जास्त झालं की उलटी. हा दोनदा पूर्ण अडून ॲडमिट झालेला.

पहिल्या भेटीत त्यानं मला त्याच्या भाषेत समजावलं, "मॅडम, बोअर कमी झालाय एवढंच. रीमर फिरवला की झालं, कापायचं कशाला?"

प्रश्न चुकीचा नव्हता. बलून डायलेटेशन म्हणजे जवळपास तेच, दुर्बिणीतून फुगा नेऊन वाट रुंद करायची. पण ते जमतं कुठं, तर साधारण पाच सेंटीमीटरच्या आतलं, सरळ, दुर्बीण पोचेल असं स्ट्रिक्चर, आणि शेजारी गळू किंवा फिस्टुला (आतड्यातून फुटलेली आडवाट) नको. आतडं फाटणं किंवा मोठा रक्तस्राव असले प्रकार शंभरात दोन-तीन वेळा होतात, आणि बऱ्याच जणांना पुढच्या दोनेक वर्षांत परत फुगवायला जावं लागतं. याचं स्ट्रिक्चर सात सेंटीमीटर, वरचं आतडं चांगलंच फुगलेलं. डॉक्टरांनी त्याला हे सगळं सांगितलेलं होतं, त्यानं ऐकलेलंही होतं, पण डोक्यात फक्त फुगा राहिलेला.

दुसरा मार्ग बायोलॉजिक इंजेक्शनचा, म्हणजे सूज घडवणाऱ्या प्रथिनालाच अडवणारं औषध. सूज असेल तर सूज उतरते, व्रणाचा घट्टपणा इंजेक्शनानं विरघळत नाही, आणि गंमत अशी की बहुतेकांच्यात दोन्ही मिसळलेलं असतं. फ्रान्समध्ये स्ट्रिक्चर असलेल्या 97 जणांना अडालिमुमॅब हे असलंच एक इंजेक्शन देऊन बघितलं तेव्हा 24 आठवड्यांनी 64 टक्के लोकांचं त्यावर भागत होतं. म्हणजे "स्ट्रिक्चर आहे म्हणजे कापायलाच लागणार" हेही खरं नाही. 2014 च्या शेवटी आपल्या देशात बनलेलं अडालिमुमॅब आलं तेव्हापासून खर्चही थोडा खाली आलाय. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी मात्र करायचीच, दबलेला टीबी यानं उठतो.

आणि तिसरं ऑपरेशन. खराब तुकडा काढून जोडायचं, किंवा न काढता आतड्याला उभी चीर देऊन आडवं शिवायचं म्हणजे वाट मोठी होते आणि आतडंही वाचतं, त्याला स्ट्रिक्चरप्लास्टी म्हणतात. मला यातलं आवडणारं म्हणजे, ही युक्ती भारतीय सर्जननी टीबीच्या स्ट्रिक्चरसाठी वापरून 1977 साली छापली, आणि क्रोन्ससाठी ऑक्सफर्डमध्ये ती नंतर घेतली गेली. हे मी पेशंटला मुद्दाम सांगते. ऐकून जरा ताठ बसतात.

तर माहिती सगळी होती. माहितीनं माणूस ठरवतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्याकडं येऊन बसावं.

"झालं ऑपरेशन, तर काय होईल?" मी विचारलं.

"आई म्हणते एकदा पोट फाडलं की माणूस कामातनं गेला."

"आई म्हणतात ते राहू दे, तुम्ही काय म्हणता?"

बराच वेळ गप्प. मग, "मग मी पेशंट झालो की ओ."

"आणि आत्ता काय आहात?"

हसला. "आत्ता दुखतंय, पण चालतंय की."

मी विवेकनिष्ठ विचारांच्या शाळेतली, ती उपचारपद्धत काढणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसला मानणारी. माझं म्हणणं असं की ऑपरेशन नको वाटणं ही इच्छा आहे आणि चांगली इच्छा आहे, कुणालाही वाटावी. पण "ऑपरेशन होताच कामा नये, झालं तर मी संपलो" हा हट्ट आहे, आणि हट्ट असला की माणूस पर्याय तोलतच नाही, फक्त ऑपरेशन सोडून बाकी काहीही शोधत राहतो. कुणी काढा सांगितला, कुणी जोतिबाला नवस बोललं, कुणी व्हॉट्सॲपवर क्रोन्स मुळापासून बरा करणारा व्हिडिओ पाठवला, सगळं करून बघतो. हे मी त्याला दोन-तीन भेटीत वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. मान हलवायचा, पटतंय म्हणायचा, आणि शेवटी "अजून थोडं बघू."

मग मी त्याला म्हटलं पुढच्या वेळी मंडळींना घेऊन या.

त्या आल्या, पिशवीत गुंडाळी केलेली दिनदर्शिका घेऊन. स्वयंपाकघरात टांगलेली असते तसली, दुधाचा हिशोब लिहिलेली, कोपरे तेलकट. मी फोनवर त्यांना फक्त एवढंच विचारलेलं की नवऱ्याच्या दुखण्याचं काही टिपण आहे का. बऱ्याच तारखांवर पेन्सिलीनं बारीक गोल होते.

त्यानं बघितलं, "हे काय, सिलिंडरचं?"

"तुमचं," त्या म्हणाल्या. "रात्री उठून गरम पाण्याची पिशवी घेऊन बसता, ते."

तो पानं मागं मागं उलटत गेला. मध्येच थांबला. "कागलच्या लग्नादिवशी पण गोल हाय?"

"पंगत बसली तेव्हा तुम्ही गाडीत आडवं झालेला की."

"एवढं न्हवतं गं."

"मला जाग आली तेवढंच लिवलंय. झोप लागलेली तवाचं मला काय माहीत."

मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नसतं हे शिकायला मला बरीच वर्षं लागलीत आणि ते मला जमतं याचं मला बरं वाटतं. तो महिन्याभराच्या एका पानावर बोट फिरवत बसला होता आणि एकेक सांगत होता, या दिवशी पार्टीला माल द्यायचा होता म्हणून दिवसभर जेवलोच नाही, या दिवशी मित्रांनी मिसळीला बोलवलेलं तर मी तब्येतीचं न सांगता काम आहे म्हटलं. इकडं बायको प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा ऐकत होती.

मला तेव्हा जे दिसलं ते नंतर जवळजवळ प्रत्येक क्रोन्सवाल्याच्यात दिसलंय. हा माणूस फक्त ॲडमिट झालेले दिवस आजारात धरत होता. बाकीचे दिवस त्याच्या हिशोबात निरोगी. त्यामुळं ऑपरेशनचे धोके तो पाठ म्हणून दाखवायचा, पण काही न करण्याचेही धोके असतात, ती यादी त्यानं कधी केलीच नव्हती. "अजून थोडं बघू" हाही एक निर्णय आहे आणि त्याची किंमत तो रोज रात्री भरत होता.

आता मी सगळ्यांना हेच करायला सांगते, महिनाभर कॅलेंडरवर खुणा, आणि त्या घरच्यांनी करायच्या, पेशंटनं नाही.

त्या दिवसानंतर त्याचे प्रश्न बदलले. आधी विचारायचा "टळेल का", आता सर्जनला विचारायला वहीत लिहून घेतलं: माझ्या स्ट्रिक्चरमध्ये सूज किती आणि व्रण किती? किती आतडं जाईल? पिशवी लागेल का? म्हणजे संडाससाठी पोटावर लावतात ती. हा पिशवीचा धसका सगळ्यांनाच असतो, पण ठरवून, अंगात ताकद असताना, स्टिरॉइड कमी करून ऑपरेशन केलं तर बहुतेक वेळा पिशवी लागत नाही, रात्री दोनला पूर्ण अडून इमर्जन्सीत गेलं की ती शक्यता वाढते. म्हणजे थांबण्यानं ज्याची भीती तेच जवळ येत होतं. हे कळल्यावर तो पहिल्यांदा वैतागला, डॉक्टरवर नाही, स्वतःवर. तो वैतागही आम्ही एका भेटीत सोडवला, ते इथं लिहीत नाही.

त्यानं दुर्बिणीतून ऑपरेशन करून घेतलं, तुकडा काढून जोडला. क्रोन्स गेलेला नाही, जोडापाशी परत येऊ शकतो, म्हणून औषध चालू आहे, सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी झाली, सिगारेट सोडलीय कारण ओढणाऱ्यांच्यात परत येण्याचं प्रमाण जास्त. आई अजून म्हणते की नवसानं तब्येत सुधारली. म्हणू देत.

याच्या उलट, इचलकरंजीच्या एक ताई आहेत, त्यांचं स्ट्रिक्चर तीन सेंटीमीटर, त्यांनी बलून निवडला, एकदा परत करावा लागला, त्या खूश आहेत. त्यांनीही आधी कॅलेंडर भरलं होतं. मी कुणालाच अमुक निवडा म्हणत नाही, ते माझं कामच नाही.

ठरेपर्यंतच्या दिवसांत काय खायचं हेही विचारतात. साल, बिया, चोथा कमी: मका, शेंगदाणे, ऊस चोखणं, संत्र्याच्या फोडीवरची साल, कच्च्या कोशिंबिरी टाळा, थोडं थोडं खा, बाकी आहारतज्ज्ञांना विचारा. पोट टम्म फुगलंय, उलट्या थांबत नाहीत, गॅस-संडास दोन्ही बंद किंवा ताप आहे, तर कॅलेंडर, समुपदेशन सगळं बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा. आणि दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा एमआर एन्टेरोग्राफीचा (लहान आतड्याच्या एमआरआयचा) नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडी पण न्या, सर्जनला फिल्म स्वतः बघायची असते.