डायरी लिहून मन जास्तच जड होतं

प्रश्न : ताई, मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. लिहिल्यानं मन मोकळं होतं असं सगळेच सांगतात, म्हणून गेलं वर्षभर रोज रात्री डायरी लिहिते. कधी कधी तास-दीड तास जातो. पण लिहून झालं की जास्तच जड वाटतं, झोपही लागत नाही. शाळेत असताना पुस्तकांचा फडशा पाडायचे. आता कादंबरी हातात घेतली की ‘प्रबंध पडलाय आणि मी हे काय करतेय’ असं वाटतं, चार पानांत लक्ष उडतं. लिहिणं सोडून देऊ का?

उत्तर : लिहिणं सोडू नकोस. हे रात्रीचं, झोपायच्या आधीचं लिहिणं मात्र आजपासून थांबव.

लिहून जड वाटण्यात वावगं काही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांचा 1986 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयाचा पाया मानला जातो, आणि तो तुझ्यासारख्या विद्यार्थ्यांवरच झाला होता. सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायचं. ज्यांनी काय घडलं आणि त्याचं काय वाटलं असं दोन्ही लिहिलं, ते लिहून उठताना जास्त खिन्न होते. पुढच्या काही महिन्यांत मात्र आरोग्य केंद्रातल्या त्यांच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. चार दिवसांनी त्यांचं लिहिणं संपलं होतं, हे ध्यानात घे. तुझं वर्ष झालं तरी चालूच आहे.

पेनेबेकर यांनी पुढे सहकाऱ्यांबरोबर अशा लिखाणातले शब्द तपासले. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक कारणं शोधणारे, काहीतरी उमगल्याचं सांगणारे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक फायदा झालेला दिसला. पहिल्या दिवसाची तक्रार शेवटच्या दिवशीही त्याच शब्दांत असेल, तर ते नुसतं उगाळणं झालं.

एका विद्यार्थ्यानं त्याची वही आपणहून मला दाखवली होती. त्याची परवानगी घेऊनच हे सांगते. पहिल्या दिवशी पानभर एकच, ‘मला काहीच जमत नाही’. पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावर वळ उठले होते. काही पानांनंतर मधेच एक वाक्य आलं : ‘मसुदा परत आला की मी लाल खुणा मोजतो, शेरे वाचतच नाही.’ त्या वाक्यापाशी आम्ही दोघं बराच वेळ थांबलो. ‘काहीच जमत नाही’ याला कुणी काय उत्तर द्यावं? पण न वाचलेले शेरे वाचता येतात. पुढच्या भेटीला तो मसुदाच घेऊन आला आणि आम्ही एकेक शेरा मोठ्यानं वाचला. बरेचसे संदर्भ कसे द्यायचे याबद्दल होते. गाईडनी दोन ठिकाणी ‘हा मुद्दा वाढव’ असं लिहिलं होतं, म्हणजे तो त्यांना आवडला होता. त्याला ते माहीतच नव्हतं.

तेव्हा तू असं कर. दिवसाउजेडी, गजर लावून, 15 मिनिटं लिही. विषय एकच, आणि चारेक दिवसांत तो संपवायचा. शुद्धलेखन, वळणदार वाक्यं, सगळं विसर. ‘माझं असं होतं’ इथपर्यंत आलीस की ‘कधी होतं? त्याच्या आधी काय झालेलं असतं?’ हे पुढे लिही. फारच असह्य व्हायला लागलं तर तिथेच थांब. विषय बदलला तरी चालेल. यातून चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नकोस. अशा जवळपास दीडशे चाचण्यांचा एकत्रित आढावा 2006 मध्ये घेतला गेला, तेव्हा सरासरी फायदा लहानसाच निघाला. तो खरा आहे, आणि त्याला लागते फक्त वही. मला तेवढं पुरेसं वाटतं.

रात्री लिहायचंच असेल तर उद्याच्या कामांची यादी लिही, पाच मिनिटं. 2018 मधल्या एका छोट्या प्रयोगात अशी यादी लिहून झोपलेल्यांना, झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी 9 मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. म्हणजे ‘प्रबंध’ असं लिहू नकोस, ‘दुसऱ्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद’ असं लिही.

एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. लिहिताना ‘जगूच नये’ असं काही कागदावर उतरलं, तर वही मिट आणि त्याच दिवशी कुणाला तरी प्रत्यक्ष सांग : समुपदेशक, डॉक्टर, मैत्रीण, घरचं माणूस. वहीला ते पेलवत नाही.

आता वाचन. अभ्यासाचं वाचताना हातात पेन्सिल असते, डोळे उपयोगाचं काही शोधत असतात. तीच नजर घेऊन कादंबरीकडे गेलीस तर चार पानांत कंटाळा येणारच. म्हणून मोठ्या कादंबरीनं सुरुवात करू नकोस. पूर्वी वाचलेलं, आवडलेलं पुस्तक पुन्हा काढ. शेवट ठाऊक असला की मन निवांत राहतं. किंवा एक कथा घे आणि खोलीतल्या मैत्रिणीला मोठ्यानं वाचून दाखव. आमच्या वाचन गटात आम्ही हेच करतो. परीक्षेच्या दिवसांत कुणी नुसतं ऐकायला येतं, भिंतीला टेकून डोळे मिटून बसतं. मग मधेच ‘थांब, ते वाक्य परत वाच’ म्हणतं. पात्राबद्दल बोलता बोलता मुलं स्वतःबद्दल किती सहज बोलून जातात, हे मी वारंवार पाहते आणि मला दर वेळी भरून येतं. अपराधी वाटेल, वाटू दे. वाचून झाल्यावर प्रबंध असतोच तिथे.

प्रश्न : मी विद्यापीठात शिकवतो. विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी दर आठवड्याला एक पान मनोगत लिहायला सांगतो, त्याला 5 गुण ठेवले आहेत. पण सगळे गोड गोडच लिहितात. काय करावं?

उत्तर : सर, गुण काढून टाका. गुण देणाऱ्याला आवडेल तेच मुलं लिहितात, त्यात त्यांचा काही दोष नाही. वर्गात दहा मिनिटं द्या, तुम्हीही त्यांच्यासोबत लिहायला बसा आणि पानं त्यांच्याकडेच राहू द्या. ज्याला फाडायचं त्यानं फाडावं. कुणी आपणहून वाचायला दिलं तर जरूर वाचा. पण त्यात जिवावर बेतेल असं काही आढळलं तर तुम्ही गप्प राहणार नाही, कुणाला कळवाल आणि कसं, हे पहिल्याच तासाला वर्गात सांगून ठेवा.