आग झाली नाही, तरी कॉस्टिकनं भाजतं

प्रश्न : माझा भाऊ डेअरीत सीआयपीसाठी, म्हणजे पाइपलाइन आणि टाक्या धुण्यासाठी, कॉस्टिक सोड्याचं द्रावण करतो. परवा थोडं हातमोज्यात शिरलं. हात बुळबुळीत लागला, पण आग झाली नाही, म्हणून त्यानं शिफ्ट पूर्ण केली. रात्री मनगट पांढरट आणि बधिर झालं. सोबती म्हणतात, लगेच व्हिनेगर लावायला हवं होतं. खरं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी त्याला आजच्या आज सर्जनला दाखवा. पांढरी, बधिर कातडी म्हणजे जखम खोल आहे, आणि मनगटाचा सांधा आखडण्याची भीती असते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. हळद, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नका.

व्हिनेगर नकोच. आम्ल आणि कॉस्टिक एकत्र आले की उष्णता निघते, शिवाय बाटली शोधण्यात मोलाची मिनिटं जातात. तो बुळबुळीतपणा हीच धोक्याची खूण होती. कॉस्टिक कातडीतल्या चरबीचा साबण करतं, प्रथिनं विरघळवतं आणि आत उतरत राहतं. दुखणं बऱ्याचदा उशिरा सुरू होतं, तोवर नुकसान झालेलं असतं.

अशा वेळी हातमोजा, बाही, घड्याळ लगेच काढायचं. कॉस्टिकचे कोरडे फ्लेक्स, म्हणजे पापुद्रे, असतील तर आधी झटकायचे. मग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली निदान 20 मिनिटं, आणि बुळबुळीत लागतंय तोवर पुढेही. बादलीत हात बुडवून ठेवणं उपयोगाचं नाही. डोळ्यात उडालं तर पापण्या उघड्या धरून निदान 30 मिनिटं धुवायचं आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. दृष्टी कायमची जाऊ शकते.

द्रावण करताना आधी थंड पाणी, मग फ्लेक्स. 100 लिटर पाण्यात 1.5 किलो टाकले की साधारण दीड टक्का होतं. थोडे थोडे टाकून ढवळायचे, तापवायचं नंतर. फ्लेक्सवर पाणी ओतलं किंवा गरम पाण्यात फ्लेक्स टाकले, तर द्रावण उसळून अंगावर येतं. अॅल्युमिनियमचं भांडं वापरू नये, त्यातून हायड्रोजन निघतो. हातमोजे कोपरापर्यंतचे, जाड नायट्राइल किंवा पीव्हीसीचे हवेत. हात खाली ठेवून काम असेल तर बाही मोज्यावर, वर करून असेल तर मोजा बाहीवर. बहुधा भावाचं इथंच चुकलं असावं. चष्मा डोळ्यांना चहूबाजूंनी बंद करणारा हवा, पँट गमबुटांच्या बाहेर.

अपघाताची नोंद लेखी करून घ्या. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर कामावरच्या दुखापतीच्या रजेत वेतनाच्या 90 टक्के भरपाई मिळते.