वाचकांचे प्रश्न : मेंदूत उजेड शिरतो कसा?

प्रश्न : एमआरआयने जिवंत माणसाच्या मेंदूची चित्रे घेता येत असताना संशोधक मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूचे काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली का पाहतात? शिवाय ‘मेंदू पारदर्शक करतात’ असे वाचले, ते कसे शक्य आहे? – एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : रुग्णालयातील नेहमीच्या एमआरआय चित्राचा एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा असतो, आणि मेंदूच्या बाह्यस्तराच्या तेवढ्याशा तुकड्यात हजारो चेतापेशी मावतात. त्यामुळे एकेक पेशी पाहायची असेल, तर प्रकाशाचाच आधार घ्यावा लागतो. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे 200 नॅनोमीटर (मिलिमीटरचा पाच हजारावा भाग) आहे, म्हणजे पेशीचे बारीक फाटेही त्याला दिसतात.

अडचण वेगळीच आहे. मेंदू प्रकाश फार शोषतो असे नाही, तो प्रकाश विखुरतो. भजी ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद आठवा. कोरड्या कागदात तंतू आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश वळतो, म्हणून कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो. तेलाने हवेची जागा घेतली, की तंतू आणि तेल यांचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा) जवळजवळ सारखा असल्याने डाग पडलेल्या जागेतून पलीकडचा उजेड दिसू लागतो. मेंदूत हवेऐवजी पाणी आहे, आणि प्रकाश वळवण्याचे काम मुख्यतः चरबी करते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात कार्ल डायसेरॉथ यांच्या गटाने 2013 मध्ये जाहीर केलेल्या ‘क्लॅरिटी’ पद्धतीत ऊतीमध्ये आधी जेलीसारखी जाळी तयार करतात, प्रथिने त्या जाळीला बांधली जातात, मग साबणासारख्या रसायनाने चरबी धुऊन काढतात आणि तुकडा योग्य अपवर्तनांकाच्या द्रवात बुडवतात. अशा उंदराच्या मेंदूखाली ठेवलेली अक्षरे वाचता येतात.

माणसाचा मेंदू मात्र इतका सरळ नाही. उंदराच्या रक्तवाहिन्यांतले रक्त आधीच धुऊन काढता येते. दान केलेल्या मेंदूत ते राहून जाते. वयाबरोबर पेशींत साठणारे लिपोफ्युसिन हे रंगद्रव्य स्वतःच चमकते, त्यामुळे पेशी दिसाव्यात म्हणून आपण लावलेल्या चमकत्या रंगाचा उजेड कोणता आणि त्याचा कोणता, हे ओळखणे कठीण होते. त्यातच रंग आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : तुकडा दुप्पट जाड केला, तर चौपट वाट पाहायची. म्हणूनच काप करण्याची जुनी पद्धत टिकून आहे, आणि माझ्या मते ती बरीच वर्षे टिकेल. 2013 मध्येच प्रसिद्ध झालेल्या ‘बिगब्रेन’ नकाशासाठी जर्मनी आणि कॅनडातील संशोधकांनी एका 65 वर्षांच्या महिलेच्या मेंदूचे 20 मायक्रोमीटर जाडीचे 7,404 काप केले होते. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने 2024 मध्ये गर्भावस्थेतील मेंदूचा ‘धरणी’ हा नकाशा खुला केला. त्यात 5,132 काप आहेत.

प्रत्येक पद्धतीत काहीतरी गमवावे लागते, हेही लक्षात घ्यायला हवे. जर्मनीतील युलिश येथे ध्रुवीकृत प्रकाशाने (ज्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात), कोणताही रंग न लावता, चेतातंतूंची दिशा मोजतात, कारण तंतूंवरचे मायेलिनचे चरबीयुक्त आवरण त्या प्रकाशाचे ध्रुवीकरण बदलते. क्लॅरिटीमध्ये आपण नेमकी तीच चरबी धुऊन टाकतो. म्हणजे काप आधी कोणत्या प्रकाशाखाली जाणार, हे रसायनाची बाटली उघडण्यापूर्वीच ठरवावे लागते.

प्रश्न : याचा रुग्णाला प्रत्यक्ष उपयोग आहे का? – त्याच वाचक

उत्तर : आहे, तोही शस्त्रक्रियेच्या टेबलावर. ग्लायोमा या मेंदूच्या गाठीच्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या काही तास आधी ‘फाइव्ह-एएलए’ नावाचे औषध पाण्यातून प्यायला देतात. गाठीच्या पेशींत त्यापासून एक चमकणारा पदार्थ साठतो आणि निळ्या प्रकाशाखाली गाठ लालसर गुलाबी दिसते, तर निरोगी भाग निळसरच राहतो. साध्या दिव्याखाली गाठीची कड आजूबाजूच्या मेंदूत मिसळून गेलेली असते. या प्रकाशात ती बरीच स्पष्ट होते. अर्थात गाठ उघड्यावर असेल तेवढीच दिसते, वर रक्ताचा थर आला तरी चमक झाकली जाते. औषध त्वचेतही पोहोचत असल्याने रुग्णाला नंतर किमान एक दिवस तीव्र उजेडापासून दूर ठेवतात, आणि वॉर्डातले पडदे ओढलेले असतात ते याचसाठी.